दुखवट्याचा राऊटर

इंटरनेटची वायर आमच्या घरात गच्चीवरून यायची. केबलवाल्याने ती इमारतीच्या मागच्या बाजूने खाली सोडली होती, आणि वाऱ्याने हलू नये म्हणून ह्यांनी ती बाल्कनीच्या ग्रिलला नायलॉनच्या दोरीने बांधून घेतली होती. बाल्कनीच्या दारातून ती हॉलमध्ये शिरायची आणि दाराशेजारच्या टेबलापाशी संपायची. त्या टेबलावर कॉम्प्युटर होता. बोळिंजच्या या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे माझं शिवणाचं मशीन ठेवायचं ठरलं होतं. पण मुलगी बारावीला गेली, कॉम्प्युटर आला आणि मशीन पलंगाखाली गेलं.

पुढे त्याच टेबलाशी बसून तिने परदेशातल्या विद्यापीठांना अर्ज केले. जर्मनीतल्या एका लहान शहरात तिला प्रवेश मिळाला. ती गेल्यावर ह्यांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसवायचा छोटा कॅमेरा आणला. संध्याकाळी ऑफिसातून आले की हातपाय धुऊन ते खुर्चीत बसायचे, मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभी राहायची, आणि मुलगी पडद्यावर यायची. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना वायरलेस राऊटर घ्या म्हणून सुचवलं होतं. हे घरी येऊन हसत म्हणाले, "दोन खोल्यांचं घर. हवेतून कुणाकडे पाठवायचंय?"

थंडीच्या सुरुवातीला ते गेले. सकाळी दाढीचं पाणी गॅसवर ठेवलं होतं. ते उकळत राहिलं आणि मी आतून दोनदा हाक मारली.

मुलगी येऊ शकली नाही. तिचा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी तिथल्या कार्यालयात दिलेला होता आणि तो लगेच परत मिळण्यासारखा नव्हता. फोनवर तीच म्हणाली, "आई, माझ्यासाठी थांबवू नका." आम्ही थांबवलं नाही. त्यामुळे वडील गेलेले तिने पाहिलेच नाहीत. तिच्या लेखी ते ऑफिसातून यायचे राहिले होते, एवढंच.

नंतरच्या दिवसांत मला एकच गोष्ट हवी होती. वर्षश्राद्धाला तिने घरी यावं. या घरात यावं, रिकामी खुर्ची बघावी, माझ्याजवळ बसून रडावं. तसं झालं तर आम्ही दोघी कशातून तरी पार पडू, असं मला वाटायचं. नाही झालं तर ती तिकडची होऊन जाईल आणि मी इथे एकटी या घराला पहारा देत बसेन. एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा ठरवू, आई." मी पुन्हा विचारलं नाही.

तेराव्याच्या आधी फोटो मोठा करून हवा होता. ह्यांचा एकट्याचा धड फोटोच नव्हता. माझ्या धाकट्या भावाने एका लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा निवडला आणि माणिकपूरच्या स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने शेजारच्यांना पुसून टाकलं, मागे निळा रंग भरला आणि ह्यांना काळा कोट चढवला. जन्मात त्यांनी कोट घातला नव्हता. भाऊ ओशाळून म्हणाला, "ताई, न विचारता घातला गं त्याने. म्हणतो, सगळ्यांनाच घालतो."

फोटो कुठे लावायचा ते माझ्या नणंदेने ठरवलं. त्या ह्यांच्याहून मोठ्या, मनवेलपाड्याला राहतात. रीतीभातीचं काहीही असलं की त्यांचा शब्द शेवटचा. हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी दिशा काढली आणि टेबलासमोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"गेलेल्या माणसाची दिशा दक्षिण. इथेच लावायचा. आणि वहिनी, वर्ष होईपर्यंत खिळा हलवायचा नाही. वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणायची नाही. तेवढं पाळ."

कॉम्प्युटरपाशी बसलं की ती भिंत बरोबर पाठीमागे येते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुलीने तो फोटो पहिल्यांदा माझ्या खांद्यावरून पाहिला. मी खुर्चीत बसले होते. पडद्याच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचं चित्र दिसतं, त्या एवढ्याशा चौकोनात मी होते आणि माझ्या मागे चंदनाचा हार घातलेले ते होते. मुलगी बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "बाबांनी कोट कधी घातला?"

मी स्टुडिओची गोष्ट सांगितली. ती हसली आणि हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं. "ठेवते," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती रोज यायची. माझी दिवेलागण तिची दुपार असे. पण तिचं बोलणं तुटक झालं होतं. मी काही सांगत असले की तिची नजर माझ्यावरून घसरून बाजूला जाई आणि तिथेच राही. प्रश्न विचारला की दचकून "काय म्हणालीस?" म्हणायची. कधी कधी आम्ही दोघी कितीतरी वेळ काहीच बोलत नसू. मग ती "नेट नीट नाहीये" असं काहीतरी पुटपुटून जायची.

एकदा नणंद आल्या असताना त्यांनी हे पाहिलं. बोलणं संपल्यावर माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "पोरीला रोज बापाचा हार घातलेला फोटो दाखवतेस. कसं व्हायचं तिचं?"

"वन्सं, फोटो तुम्हीच तिथे लावायला सांगितलात."

"फोटो त्याच्या जागी आहे. तू तिथून ऊठ."

त्या वाक्याने मला रात्रभर छळलं नाही, असं म्हणता येणार नाही. खरंच वाटलं की पोर माझ्याशी बोलायला येते आणि मी तिला रोज त्या भिंतीसमोर उभी करते. अशाने ती एक दिवस यायचीच बंद होईल. फोटो हलवता येत नव्हता. टेबल फिरवलं तर बाल्कनीचं दार उघडेना. वायर आतल्या खोलीपर्यंत वाढवायची म्हटली तर केबलवाला म्हणाला की दाराच्या फटीतून न्यावी लागेल आणि मग दार कधी लागणार नाही. उरला राऊटर. भावाकडे एक जुना लॅपटॉप पडून होता. तो घेऊन मी आत बसले तर माझ्या मागे फोटो येणार नव्हता.

पण राऊटर म्हणजे नवी वस्तू. वर्ष झालं नव्हतं.

यातून वाट निघाली ती साडीमुळे. आमच्याकडे तेराव्यानंतर बहिणीला माहेरची साडी येते, दुखवट्याची. भावाने आणली तेव्हा मी ती परत केली होती. मला ती हातात धरवेना. भाऊ अधूनमधून आठवण करायचा, "ताई, दुखवटा राहिलाय तुझा. असं ठेवू नये म्हणतात." एकदा तो असं म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "साडी नको. राऊटर दे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "दुखवट्याला राऊटर?"

नणंदेला फोन करून विचारलं. त्यांनी आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाल्या, "माहेरून आलेलं नाकारायचं नसतं. विकत तू घेत नाहीयेस ना? मग घे. पण मला विचारू नकोस ते काय असतं."

माणिकपूरला स्टेशनजवळच्या एका दुकानात भाऊ मला घेऊन गेला. हे गेल्यानंतर घरातून खरेदीसाठी बाहेर पडण्याची ती माझी पहिलीच वेळ होती आणि काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या त्या पांढऱ्या काळ्या डब्यांपुढे मी साड्यांच्या दुकानात उभं राहावं तशी उभी होते. दुकानदार माझ्याच वयाचा, जाड भिंगाचा चष्मा लावलेला.

"फ्लॅट केवढा? वन बीएचके? मग हा बस झाला, एक अँटेनावाला."

मी खोका हातात घेऊन बारीक अक्षरं वाचायला लागले. वाचायची सवय जात नाही. मोकळ्या जागेत याची लहर किती लांब जाते, ते त्यावर छापलं होतं.

"मोकळी जागा म्हणजे?" मी विचारलं. "आमच्याकडे भिंत आहे मध्ये. लोखंडी कपाट आहे."

"बाई, खोक्यावरचं मनावर घेऊ नका. बिस्किटाच्या पुड्यावरच्या फोटोतही काजू जास्तच असतात."

भाऊ हसला. दुकानदाराने विचारलं, "वापरणार कोण? मुलं गेम खेळतात?"

"मुलीशी बोलायचंय. ती बाहेर असते."

"मग तर आरामात. भिंतीचं काय नाही. एवढी लांबून येते, एक भिंत तिला अडवते काय?"

एक अँटेनाचा घेतला. भावाने तो खोका माझ्या ओटीत घालावा तसा दोन्ही हातांनी दिला, आणि रिक्षात मी तो मांडीवर धरून बसले.

घरी त्याने वायर कॉम्प्युटरमधून काढून डब्याला लावली, केबलवाल्याशी फोनवर बराच वेळ हुज्जत घातली, आणि शेवटी डब्यावर हिरवा दिवा लागला. आतल्या खोलीत मी जागा निवडून ठेवली होती. पलंगाच्या कडेला बसायचं, म्हणजे मागे माझं पुस्तकांचं शेल्फ दिसेल. तिच्या लहानपणीची पुस्तकं मी मुद्दाम वरच्या फळीवर काढली होती. ती तिला ओळखू येतील, त्यावरून काही बोलणं निघेल, असा माझा हिशोब. कॉम्प्युटरवरचा कॅमेरा काढून भावाने आणलेल्या लॅपटॉपला चिमट्यासारखा लावला.

मुलगी आली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "कुठे बसलीयेस?"

"आतल्या खोलीत. वायरलेस घेतलं."

"अरे वा. कोणी?"

"मामाने. दुखवट्याचं."

तिला ते कळलं नसावं. "छान आहे," म्हणाली. शेल्फकडे तिने पाहिलं, पण पुस्तकांबद्दल काही बोलली नाही. अभ्यासाचं, थंडीचं, जेवणाचं विचारून झालं. नजर आता माझ्यावरच होती. बरं वाटलं मला. त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी मन लावून स्वयंपाक केला आणि एकटीने जेवले.

पुढच्या आठवड्यात ती एक दिवस आली नाही. मग दोन दिवस. मग शनिवार रविवारीच यायला लागली. प्रोजेक्ट आहे म्हणे. आली तरी पटकन बोलून जायची. मी राऊटरवर संशय घेतला. दुसऱ्या कशावर घेणार? मधूनच चित्र गोठायचं, आवाज चिरकायचा. मी तो डबा टेबलावरून उचलून शोकेसवर ठेवला, तिथून दाराच्या चौकटीवर. भावाला बोलावून लोखंडी कपाट भिंतीपासून सरकवलं. त्याच्यामागे ह्यांची एक चप्पल सापडली, जुनी, अंगठा तुटलेली. भाऊ ती हातात घेऊन उभा राहिला आणि मी त्याला म्हटलं, "ठेव तिथेच."

शेवटी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. दुखवट्याचाच बदलून घ्यायचा, नवी वस्तू नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली होती. मी म्हटलं, मोठा द्या. दोन अँटेनांचा.

दुकानदाराने जुना डबा उलटापालटा केला. "यात काही प्रॉब्लेम नाही, बाई. गच्चीवरून येणारं पाणीच कमी असेल तर घरातला नळ केवढाही लावा."

"तरी द्या."

"देतो ना. मला काय, मी विकायलाच बसलोय."

नवा राऊटर खरोखर चांगला होता. स्वयंपाकघरात, अगदी बाथरूमच्या दारापर्यंत दिवा हिरवा राहायचा. चित्र गोठेनासं झालं, आणि मुलगी तरीही आठवड्यातून एकदाच यायची. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं. तो काळ मला आठवू नये असा आहे. संध्याकाळी लॅपटॉप उघडून मी पलंगाच्या कडेला बसायची आणि पडद्यावर तिच्या नावापुढचा करडा ठिपका बघत राहायची. कधी भारनियमनाने वीज जायची, तेव्हा उलट सुटल्यासारखं वाटायचं. आता ती आली नाही तरी ते विजेमुळे.

उन्हाळ्यात नणंद दोन दिवस राहायला आल्या. त्यांना ताप होता आणि त्या आतल्या खोलीत झोपून होत्या. तो शनिवार होता. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी लॅपटॉप हॉलमध्ये आणला आणि सवयीने जुन्या टेबलाशी, जुन्या खुर्चीत बसले.

मुलगी पडद्यावर आली. मी पाहिलं की ती पडद्याच्या जवळ सरकली आहे, कपाळ मोठं दिसण्याइतकी जवळ.

"आत्या झोपल्यात आत," मी म्हटलं. "म्हणून इथे बसलेय. पाच मिनिटांनी उठते हं."

"नको. बस तिथेच."

मग ती बोलायला लागली. तिथल्या प्राध्यापकांविषयी, एका मैत्रिणीच्या आजोबांविषयी, दुकानात मिळालेल्या कढीपत्त्याविषयी. इतके महिने साठवून ठेवल्यासारखं ती बोलत होती. मधेच म्हणाली, "आई, जरा डावीकडे सरक ना."

मला वाटलं, उजेड येत असेल तोंडावर. सरकले.

"अजून थोडं."

मी खुर्ची सरकवली. कोपऱ्यातल्या त्या एवढ्याशा चौकोनाकडे माझी नजर गेली. त्यात माझा अर्धा खांदा होता आणि मधोमध, कोट घातलेले, निळ्या रंगातले ते होते.

"बास," ती म्हणाली. "आता दिसतात."

मी तशीच बसले. तिच्या बोलण्यात आता विचारणं नव्हतं, सांगणं होतं, आणि ते मला उद्देशून नव्हतं. पूर्वी ऑफिसातून आलेल्या बापाला ती दिवसभराचं सांगायची, त्याच चालीवर ती सांगत होती. मी मध्ये हुंकार दिला तर तिला अडखळल्यासारखं व्हायचं. म्हणून मी हुंकारही देईनासे झाले. कॅमेऱ्याच्या कडेला, चौकटीच्या बाहेर, मांडीवर हात ठेवून मी ऐकत राहिले. पाठीमागच्या फोटोकडे मी इतक्या महिन्यांत एकदाही तोंड वळवून नीट पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्यानंतर रोज. मी आतल्या खोलीत बसणं सोडून दिलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मीच विषय काढला. तिकीट आधी काढलेलं बरं, असं म्हणाले. ती फोटोकडेच बघत होती.

"आई, मी नाही येत."

"सुट्टी नाही?"

"सुट्टी आहे." ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. "तिथे आले तर ते नसतील ना. इथून ते आहेत. रोज असतात." मग घाईने म्हणाली, "तू लॅपटॉप गुरुजींच्या बाजूला ठेव ना. वायरलेस आहेच. मला सगळं दिसेल."

माझ्याजवळ यावर म्हणण्यासारखं खूप होतं. मी म्हटलं, "बरं."

श्राद्धाच्या दिवशी भावाने स्टुलावर लॅपटॉप ठेवला. गुरुजी आधी बिचकले, मग त्याकडे वाकून मोठ्याने म्हणाले, "ताई, ऐकू जातंय ना? नमस्कार करा म्हटलं की करा." मुलीने तिकडून हात जोडले. डोक्यावरून ओढणीही घेतली होती. नणंद पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या होत्या. भाऊ लॅपटॉप उचलून तिला पानं दाखवायला स्वयंपाकघरात घेऊन गेला, वडे, खीर, भाज्या सगळं दाखवलं. "आत्या, अळूचं फतफतं तुम्ही केलंत?" ती विचारत होती, आणि नणंद त्या पडद्याला म्हणाल्या, "तू आली असतीस तर तुझ्याकडून करून घेतलं असतं." ती हसली. भाऊ मला म्हणाला, "बघ ताई, कॉल कुठेच तुटला नाही. राऊटर चांगला निघाला."

पानं उठल्यावर नणंदेने मला फोटोपाशी बोलावलं. "वर्ष झालं वहिनी. आता खिळा हलवायला हरकत नाही. हवा तर आत घे." भावाने पिशवीतून साडी काढली, करड्या रंगाची. दुखवटा एकदा झाला असला तरी राहवलं नाही म्हणे. मी ती घेतली. खिळा हलवू दिला नाही.

साडी शेल्फवर आहे, तिच्या लहानपणीच्या पुस्तकांशेजारी. संध्याकाळी मी दिवा लावते आणि हॉलमध्ये जुन्या टेबलाशी बसते. तिचा कॉल वाजायच्या आधीच खुर्ची डावीकडे सरकवून घेते.